बटरचं कार्ड

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान होऊन सात-आठ महिने झाले. शब्द दोन-तीनच, ते पण रोज नाहीत. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो, मला समजलं नाही की डोकं आपटतो. महाद्वार रोडवरून फ्लॅश कार्डांचे दोन डबे आणले, ए फॉर अ‍ॅपलवाले, तर तो त्यांची नुसती रांग लावत बसतो. घरीच फोटो काढून कार्डं करावीत म्हणते, पण सुरुवात कुठून करू? सासूबाई म्हणतात कार्डांची सवय लागली तर पोरगं बोलायचंच नाही.
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण घरातलं एक माणूस जरी मनातनं नाराज असलं तरी हे काम रेटत नाही. चित्रं वापरल्यानं मुलाचं बोलणं थांबतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काही मुलांचे शब्द वाढलेलेच दिसलेत. त्यांना सांगा, हात ओढून नेणं हे पण त्याचं बोलणंच आहे, आपण त्याला जरा सोपी वाट करून देतोय.

आणि ते विकतचे डबे ठेवून द्या. त्याला अ‍ॅपल नकोय, इग्लू तर आपल्यापैकी कुणीच बघितलेला नाही! चार दिवस वही घेऊन बसा आणि तो कशासाठी तुमचा हात ओढतो एवढंच लिहा. चहात बुडवून खायचं बटर, त्याची पाण्याची बाटली, बाथरूममधली बादली, आजोबांची गाडी, जे निघेल ते. त्यातली सगळ्यात लाडकी एक वस्तू घ्या आणि एकच कार्ड करा.

फोटो त्याच्याच वस्तूचा, मागे साधी चादर, फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याच्यासाठी पाण्याचं कार्ड केलं होतं स्टीलच्या तांब्याचं, आणि तो रोज त्या फोटोत बोट लावायचा ते तांब्यावर चमकणाऱ्या ट्यूबलाइटच्या रेघेला. पाणी त्याला त्यात दिसतच नव्हतं. त्याच्या हिरव्या बाटलीचा फोटो लावला आणि तिसऱ्या दिवशी कार्ड माझ्या हातात आलं. आपण अख्खी वस्तू बघतो, ही मुलं कधीकधी एखादा बारका तुकडाच बघतात, त्यामुळं गाडीचा फोटो काढताना नंबर प्लेटसुद्धा झाका, नाहीतर आकड्यांचं वेड असलेलं पोरगं तेवढंच वाचत बसतं.

ए-फोर कागदावर दोन-दोन इंचाचे १२ फोटो आरामात बसतात. खाली देवनागरीत एकच शब्द, तुमच्या घरात जो बोलतात तोच. फोटो आधी कापा, मग १२५ मायक्रॉनच्या पाउचमध्ये मध्ये अंतर ठेवून लॅमिनेट करा आणि परत कापताना भोवती दोन-तीन मिलिमीटर प्लॅस्टिक सोडा, नाहीतर लाळ आणि पाणी आत शिरून आठवड्यात पापुद्रे निघतात. कोपरे गोल करा, ते टोचतात. मागे वेल्क्रो लावा, आणि कार्डं चिकटवायचा पुठ्ठा फ्रिजवर नाहीतर भिंतीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आता वापरायचं कसं, इथंच बहुतेकांचं चुकतं. आपण कार्ड त्याच्या तोंडासमोर धरून "हे काय आहे? सांग, सांग" करतो. ती परीक्षा झाली. कार्ड त्यानं द्यायचं आणि आपण वस्तू द्यायची. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी पेक्स नावाची पद्धत काढली, तिचा पहिला टप्पा हाच. दोन मोठी माणसं लागतात. तुम्ही बटर घेऊन समोर बसा, सासूबाईंना त्याच्या मागे बसवा (बघा, त्यांनाच काम द्या). तो बटरकडे झेपावला की त्यांनी काही न बोलता त्याचा हात कार्डाकडे आणि मग तुमच्या तळहाताकडे न्यायचा. कार्ड हातात पडलं की लगेच "बटर" म्हणून तुकडा द्या, एक सेकंद पण थांबू नका. तुकडे नखाएवढे ठेवा, म्हणजे एका बटरमध्ये पंधरा-वीस वेळा सराव होतो. मागचा हात हळूहळू कमी करायचा. तो आपणहून द्यायला लागला की तुम्ही जरा लांब बसा, मगच दुसरं कार्ड.

एक दिवस तो बटरचं कार्ड पंचवीस वेळा आणेल. आणू दे, तो मागतोय म्हणजे जिंकलाय. सुरुवातीला कार्ड अजिबात लपवू नका. पुढं "संपलं" आणि "थांब" शिकवता येतं, आणि "नको" चं कार्ड तर लवकर करा, कारण डोकं आपटण्यातलं निम्मं रागावणं "नको" सांगता येत नाही म्हणून असू शकतं. तरी ते डोकं आपटणं डॉक्टरांना दाखवाच, कान किंवा दात दुखत असला तरी मुलं असं करतात.

रंकाळ्याला नेताना आधी रंकाळ्याचं कार्ड, शेजारी घराच्या दाराचं. आधी रंकाळा, मग घर. परत यायच्या वेळचा दंगा एका दिवसात नाही जाणार, पण पुढं काय होणार हे त्याला दिसायला लागतं.

फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरला जपून ठेवा आणि बटरचं कार्ड सुरुवातीलाच तीन कॉपी काढा, ते सगळ्यात आधी चावलं जातं.