प्रार्थनेत देवाचं ऐकायला शिकलं, तर माणसांशी बोलणं सुधारतं का?

हो, नक्की सुधारतं. दोन्हीकडे अडथळा एकच असतो: ऐकण्याआधीच आपलं उत्तर तयार असतं.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या 10व्या अध्यायातला आंधळा बार्तीमय आठवा. त्याला काय हवंय ते कोणालाही दिसत होतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आणि त्याच्याच तोंडून ऐकून घेतो. या प्रश्नापाशी मी कितीदा तरी थांबलो आहे. गरज कळली तरी समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, केवढा मान आहे हा!

बायबलमध्येच ईयोब नावाच्या, मोठ्या दुःखात सापडलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्याच्या मित्रांचं उलट झालं. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेव्हा ते खरे सोबती होते. मग दुःखाची कारणं समजावू लागले आणि शेवटी देवाचा रोष ओढवून बसले.

सुरुवात लहान ठेवा. बायबलमधलं वचन वाचल्यावर लगेच मागणं मांडू नका, पाच मिनिटं शांत बसा. मन भरकटेल, पुन्हा त्याच ओळीवर या. आणि कोणी जड मनानं बोलू लागलं, तर सल्ल्याआधी एवढंच विचारा: ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’