मेझेन्काइमची स्लाइड पहिल्यांदा बघताना

अगं, घाबरू नकोस. मेझेन्काइम म्हणजे भ्रूणातली कोवळी संयोजी ऊती. इंदूरला आल्यावर पहिल्या स्पॉटिंगला (स्लाइड ओळखायच्या परीक्षेला) मीच ही स्लाइड 'एरिओलर', म्हणजे साधी सैल संयोजी ऊती, लिहून आले होते. सध्या एवढंच धर:

१. आधी १०च्या लेन्सवर फिर, मग ४०. पेशी चांदणीसारख्या, फाटे एकमेकांना टेकलेले. मधली फिकट जागा रिकामी नसते, तो ग्राउंड सब्स्टन्स, म्हणजे पेशींमधला जेलीसारखा पदार्थ. तंतू अगदी तुरळक.

२. मेझोडर्म हा भ्रूणाचा थर, मेझेन्काइम ही ऊती. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास इथेच पकडतात, कारण डोक्याकडची बरीच मेझेन्काइम मेझोडर्ममधून नाही, तर न्यूरल क्रेस्टमधून (एक्टोडर्म या वरच्या थरातून निघणाऱ्या पेशींमधून) येते. हाड, कूर्चा, रक्त पुढे हिच्यातूनच घडतं.

३. नाळेत दोन धमन्या, एक शीर. भोवतीची व्हार्टन जेली म्हणजे म्यूकस टिश्यू, मेझेन्काइमसारखीच भ्रूणातली जेलीदार संयोजी ऊती. हायलुरोनिक अ‍ॅसिडने फुगलेली, म्हणून नाळ पिळली तरी रक्तवाहिन्या सहसा दबत नाहीत. मी बोटाने दाबून पाहिली होती: थेट गार झालेली साबुदाण्याची खीर! (त्या दिवशी सराफ्याच्या खाऊबाजारात साबुदाण्याची खिचडी काही घशाखाली गेली नाही.)

मार्कर, सिग्नलिंग वगैरे आत्ता उघडूच नकोस. रोज एक चित्र काढ. गुलाबी-जांभळ्या पेन्सिली नसतील तर माझ्या घेऊन जा, टोक करून परत दे म्हणजे झालं.