एक्स-रेवर छाया म्हणजे टीबीच असं धरून बसू नका

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: वडिलांची छाया टीबीची की फुप्फुसाच्या कॅन्सरची, कधीही न ओढणाऱ्या मावशींना हा कॅन्सर कसा झाला, आणि काकांनी तपासणी करावी का. आधी वडिलांचं. वडील ५८ वर्षांचे, तीस वर्षं रोज वीसेक विड्या. एक्स-रेत उजवीकडे वर छाया, थुंकीत टीबीचे जंतू नाहीत, तरी सहा आठवडे टीबीच्या गोळ्या चालू. वजन उतरतंय आणि बेडक्यात रक्ताची रेघ दिसते. अशा वेळी 'कोर्स पूर्ण होऊ दे, मग बघू' हे बरोबर नाही. गोळ्या मनाने बंद करू नका, पण तपास याच आठवड्यात पुढे न्या.

आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे छाया दिसली की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो चुकीचा नसतो. चूक होते ती पुरावा न मिळवता थांबण्यात. दोन्ही आजारांत खोकला, बारीक ताप, रक्त, वजन घटणं सारखंच. कॅन्सरच्या गाठीने श्वासनलिका दाबली की मागे न्यूमोनिया साचतो, अँटिबायोटिकने तो थोडा ओसरतो आणि घरच्यांना गुण आल्यासारखं वाटतं. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) झाली नसेल तर ती करा. सकाळची, खोल खोकून काढलेली थुंकी हवी, लाळ नको. ती निगेटिव्ह आली आणि छाया वाढतेय, तर थांबायचं कारण उरत नाही.

घरी एक बघा. वडिलांना दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगा. मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगली असतील तर डॉक्टरांना दाखवा. याने निदान होत नाही, आणि फट दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नका. आवाज बसणं, एक पापणी झुकणं, खांद्यातून हातात उतरणारी कळ, चेहरा सुजणं, यांतलं काही असलं तरी लगेच सांगा.

आता तुम्ही विचारलेलं 'लो-डोस सीटी', म्हणजे कमी किरणांचा सीटी स्कॅन. ते वडिलांसाठी नाही. ती चाळणी लक्षणं नसलेल्यांसाठी असते. वडिलांना छाती आणि वरच्या पोटाचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन काढलेला) सीटी हवा, म्हणजे यकृत आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथीही दिसतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं. पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठही उजळते, म्हणून 'पेटमध्ये चमकलं, कॅन्सरच' असंही कोणी म्हणू नये.

निकाल लागतो बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर. 'सुई लावली की पसरतो' ही भीती सोडा, तसं होणं अतिशय दुर्मीळ आहे. बारीक सुईने नुसत्या पेशी काढण्यापेक्षा शक्य असेल तर कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला छोटा तुकडा) मागा, पुढच्या तपासण्यांना ऊतक पुरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, ती किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. खरा धोका म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साचणं. म्हणून नंतर काही तास थांबवतात आणि एक्स-रे काढतात. घरी आल्यावर अचानक दम लागला तर रात्र असली तरी परत जा. तुकड्याचा एक भाग टीबीच्या कल्चरला पाठवायला आठवणीने सांगा. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

रिपोर्टमध्ये नुसतं 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, पुरेसं नाही; प्रकार हवा. सुमारे १५ टक्के रुग्णांत स्मॉल सेल असतो. तो विडी-सिगारेटशी घट्ट जोडलेला, फार लवकर पसरतो, आणि त्यात मुख्य आधार केमोथेरपी, मर्यादित असेल तर सोबत रेडिएशन. उरलेला नॉन-स्मॉल सेल. त्यात स्क्वेमस बहुधा मोठ्या श्वासनलिकांजवळ, धूम्रपान करणाऱ्यांत जास्त. अॅडिनोकार्सिनोमा बहुधा कडेला, आणि कधीही न ओढणाऱ्यांत झाला तर बहुतेक हाच. तुमच्या मावशींचं कोडं इथे सुटतं. घरातला दुसऱ्याचा धूर, चुलीचा धूर, हवेचं प्रदूषण, रेडॉन, अॅस्बेस्टॉस ही कारणं आहेत, आणि काहींत ठोस कारण सापडतही नाही. अॅडिनो असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस१ (गाठीतले जनुकीय बदल) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं प्रथिन) तपासल्याशिवाय औषध ठरवायची घाई नको, रुग्ण फारच खालावला असेल तर गोष्ट वेगळी. बदल सापडला तर रोजच्या गोळीवर उपचार होऊ शकतो. पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा जपलेली वडी) आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

हे फार थोडे लोक सांगतात: टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन हे औषध कॅन्सरच्या या रोजच्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण खूप खाली आणतं. ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) टीबीची फाइल आवर्जून दाखवा.

राहिला तुमच्या ४९ वर्षांच्या काकांचा प्रश्न, ज्यांना त्रास काही नाही. अमेरिकेतला २०२१ चा निकष असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढतात किंवा सोडून १५ वर्षं झालेली नाहीत. रोज २० सिगारेटी एक वर्ष म्हणजे एक पॅक-इयर. हिशेब सिगारेटचा आहे, पण विडीत तंबाखू कमी म्हणून तिला हलकी समजू नका. ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात. भारतात यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम नाही. जुन्या टीबीचे व्रण गाठीसारखे दिसून उगाच सुया टोचल्या जातात, म्हणून छातीच्या डॉक्टरांशी बोलूनच काकांनी पुढच्या वर्षी ठरवावं. विडी मात्र आजच सोडायला हवी, त्यासाठी निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्या मिळतात.