डॉक्टरांना विचारा : हापशाचं पाणी आणि तळपायांची आग

प्रश्न : डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि. आम्ही मूळचे विट्याकडचे. मिस्टरांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. पश्चिम बंगालात मुर्शिदाबाद जिल्ह्यात डोमकलला आमचं दुकान होतं. लग्नानंतर मीही तिकडेच गेले आणि वीसेक वर्षं राहिले. दारात हापसा होता, प्यायला-रांधायला सगळं त्याचंच पाणी. २०१६ साली दुकान धाकट्या दिरांकडे सोपवून आम्ही मुलाकडे कासारवडवलीला आलो. मिस्टरांच्या पायांना तिकडे असतानाच मुंग्या यायच्या. गेल्या दोन वर्षांत मात्र तळपायांची आग फार वाढली आहे, रात्री ओलं फडकं गुंडाळून झोपतात. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि यांना पत्ताच नसतो. तळहातांवर तांदळाएवढे टणक दाणे आहेत, ते कामाचे घट्टे असतील असं सगळे म्हणतात. डायबेटिसची गोळी पाच वर्षं चालू आहे. मुलगा म्हणतो, सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्यात आर्सेनिक असेल. खरं काय समजायचं? – सौ. सु. पा., घोडबंदर रोड

उत्तर : ताई, टँकरवाल्याला तूर्त सोडून द्या. त्याच्या पाण्याने पोट बिघडू शकतं, कावीळ होऊ शकते; त्यासाठी ते उकळून घ्या. पण आपल्या ठाण्याखाली काळा कातळ आहे. तुम्ही ज्या आर्सेनिकबद्दल विचारता ते विष गंगेच्या गाळातलं. हिमालयातून वाहून आलेल्या त्या गाळात लोहाचे कण असतात आणि आर्सेनिक त्यांना चिकटलेलं असतं. जमिनीखाली पालापाचोळा कुजून प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटं होतं. फार खोल नसलेल्या हापशांना नेमकं तेच पाणी लागतं. दिसायला स्वच्छ, चवीला गार, वासाला काहीच नाही. तळ्याचं पाणी पिऊन होणारे जुलाब-पटकी टळावेत म्हणून हे हापसे बसवले होते, त्यामुळे लोकांनी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ मध्ये असे रुग्ण ओळखले. आज मुर्शिदाबाद, मालदा, नदिया, दोन्ही चोवीस परगणा ही नावं आर्सेनिकच्या नकाशावर ठळक आहेत आणि तुमचं डोमकल त्यातच येतं. एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. त्या भागातल्या कित्येक हापशांत याच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त आर्सेनिक सापडलं आहे.

आता पाय. आर्सेनिक शरीरातल्या गंधकयुक्त प्रथिनांना जाऊन चिकटतं. साखरेपासून ऊर्जा तयार करण्याची जी साखळी पेशींमध्ये चालते, ती त्यामुळे अडते. याचा फटका सगळ्यात आधी लांब नसांना बसतो, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, सारखी, आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. आधी मुंग्या, मग आग, मग बधिरपणा. चप्पल निसटलेली न कळणं हा बधिरपणाच. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात नसांच्या पेशंटला मी हा प्रश्न सवयीनेच विचारतो. दुसरा प्रश्न असा, की सकाळी बेसिनवर डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो का? यजमानांना तेवढं विचारून बघा.

मग मी अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकवतो. पेशंट म्हणतो, ‘थांबला.’ तोच फोर्क लगेच माझ्या बोटावर धरला तर अजून चांगला थरथरत असतो. माझी साठी उलटली आहे, तरीही. या साध्या तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि दुर्दैवाने हल्ली ती फारशी कोणी करतही नाही.

पण पत्रातली एक गोष्ट मला खटकते. पाणी सुटलं २०१६ मध्ये आणि आग वाढली गेल्या दोन वर्षांत. आर्सेनिक थांबलं की नसा सावकाश सावरतात, नाहीतर आहे तिथे थांबतात. इतक्या वर्षांनी दुखणं नव्याने उसळत असेल तर दुसरं कोणीतरी त्यात हात घालतं आहे. माझा पहिला संशय डायबेटिसवर, दुसरा बी-ट्वेल्व्ह या जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर. ती गोळी मेटफॉर्मिन असेल तर वर्षानुवर्षं घेतल्याने बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात आधीच त्याची बोंब असते. ते भरून काढता येतं, म्हणून ते आधी तपासा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. शिवाय गलाईच्या कामात शिशाचा संबंध येतो. शिसं बहुधा हाताची ताकद घेतं, मनगट लुळं पडतं. तसं काही असेल तर डॉक्टरांना सांगा आणि रक्तातलं शिसंही बघून घ्या.

आता ते दाणे. सोनार-गलाईवाल्यांच्या हाताला घट्टे पडतात हे खरं, पण ते हत्यार घासतं तिथे पडतात. दोन्ही तळहातांवर विखुरलेले दाणे, तसेच तळपायांवर, छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके, हे दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञ गाठायचेच. त्वचेवरच्या या खुणा पाणी सुटल्यावरही वर्षानुवर्षं राहतात आणि त्यातल्या एखाद्या दाण्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. फुप्फुस आणि मूत्राशय यांनाही धोका असतो, त्यामुळे यजमान तंबाखू-विडी ओढत असतील तर ती आजच सुटली पाहिजे.

ताई, संपूर्ण पत्रात तुमच्या स्वतःच्या हातापायांबद्दल एक अक्षर नाही. वीस वर्षं तेच पाणी तुम्हीही प्यायलात, त्याच पाण्यात भात शिजवलात. दोघांनी एकत्र तपासून घ्या.

लघवीतल्या आर्सेनिकच्या टेस्टवर तुम्ही दोघांनी खर्च करू नये. आर्सेनिक काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, तुमचा रिपोर्ट नॉर्मल येणार आणि त्यावरून जुन्या गोष्टीचा काहीच बोध होणार नाही. नसांचं काम मोजणारी नर्व्ह कंडक्शन टेस्ट मात्र करा. ती लघवीची टेस्ट खरी हवी तुमच्या धाकट्या दिरांची, कारण ते अजून तिथेच आहेत. टेस्टच्या आधी चार-पाच दिवस मासे खायचे नाहीत असं त्यांना सांगा. माशांत निरुपद्रवी जातीचं आर्सेनिक असतं, त्याने आकडा उगाच फुगतो. आणि हापशाचं पाणी तपासून होईपर्यंत ते पिणं बंद.

औषधांचं विचाराल तर शरीरातून विष ‘ओढून काढणाऱ्या’ इंजेक्शन-गोळ्यांच्या मागे लागू नका. कोलकात्यात डॉ. गुहा मजुमदार यांनी डीएमएसए हे औषध जुन्या रुग्णांना देऊन पाहिलं, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आग कमी करायला चांगली औषधं आहेत, ती घ्या. बधिर पायाला अनवाणी फिरू देऊ नका आणि रोज रात्री तळवे बघा.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९०० साली इंग्लंडात मँचेस्टरकडे हातापायांची आग आणि लुळेपणा यांची साथच आली. रुग्ण बिअर पिणारे, म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘दारूने नसा गेल्या.’ अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या त्वचेकडे गेलं. दारूने असे डाग पडत नाहीत! शेवटी आर्सेनिक सापडलं बिअरसाठी वापरलेल्या साखरेत. ती बनवायला घेतलेलं गंधकाम्लच अशुद्ध होतं. सहा हजारांवर लोकांना बाधा झाली होती. तुमच्याकडे आलेला ‘घट्टे’ हा शेरा वाचून मला हेच आठवलं.

प्रश्न : मिस्टरांची बदली बिहारमध्ये आरा इथे झाली आहे. मुलगा पाच वर्षांचा. तिकडच्या पाण्यात आर्सेनिक असतं असं वाचलं. उकळून प्यायलं तर चालेल का? मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो का? – एक आई, ऐरोली

उत्तर : उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि आर्सेनिक तेवढंच राहतं. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यांनीही जात नाही. इथे ऐरोलीत तुम्ही मोरबे धरणाचं पाणी पिता, तिथे आधी घराला पाणी कुठलं आहे ते विचारा. भोजपूर जिल्ह्यात आर्सेनिक आहे, पण ते प्रत्येक नळाला नाही. शेजारच्या दोन हापशांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून घरमालकाच्या ‘हमारे यहाँ कुछ नहीं’वर न जाता प्रयोगशाळेत तपासा. आरओ लावलात तरी त्यातून येणारं पाणीही तपासा, कारण आर्सेनिकचा एक प्रकार त्यातून बऱ्यापैकी निसटतो.

मुलांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. बांगलादेशात आराइहजार इथे दहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या हापशात आर्सेनिक जास्त, त्यांचे बुद्धिमत्ता चाचणीतले गुण कमी आले. तेव्हा मुलाची बाटली शाळेतही घरच्याच पाण्याने भरलेली असू द्या. भात आपल्या कोकणी पद्धतीने वेळून घ्या. भरपूर चांगल्या पाण्यात शिजवून ते ओतून दिलं की तांदळातलं आर्सेनिक बरंच कमी होतं. पेज मात्र मग पिऊ नका.

प्रश्न : पायांच्या आगीवर ओळखीतल्या एकाने भस्माच्या पुड्या दिल्या आहेत. आराम वाटतो. चालू ठेवू का? – निवृत्त शिक्षक, कळवा

उत्तर : गुरुजी, आधी पुडीत काय आहे ते लेखी घ्या. हरताळ आणि मनःशिळ ही दोन्ही आर्सेनिकचीच खनिजं. अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, हेही २००४ मध्येच छापून आलं. रीतसर शिकलेला वैद्य घटक सांगायला लाजत नाही. तुमचा ओळखीतला सांगत नसेल तर पुड्या बंद करा, टाकू मात्र नका. उरलेल्या घेऊन या, तपासायला पाठवू. तुमची लघवीची टेस्टही त्याच आठवड्यात झाली पाहिजे.