आमचा आरए 1.2, पार्टीचा 1.8

प्रश्न: आमच्या वर्कशॉपमध्ये ईएन-8 (मध्यम कार्बन स्टील) च्या शाफ्टचं टर्निंग होतं. इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याचा) नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, 0.8 मिमी, फीड दर फेऱ्याला 0.2 मिमी. ड्रॉइंगवर आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) जास्तीत जास्त 1.6 मायक्रॉन. आमच्या टेस्टरवर 1.2 येतं, पार्टीच्या (माल घेणाऱ्या कंपनीच्या) स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे तपासणीच्या खोलीत, 1.8, आणि लॉट परत येतो. टेस्टरसोबत आलेल्या, ठरलेल्या आरएच्या नमुना प्लेटवर टेस्टर बरोबर दाखवतो. टेस्टरवर कट-ऑफ 0.25 मिमी आहे. चुकतंय कुठे?
– एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर: पार्टीशी वाद घालू नका. त्यांनी कट-ऑफ 0.8 लावला असणार, आणि तोच बरोबर आहे. तुमचा टेस्टर धडधाकट आहे, घोळ त्या 0.25 मध्ये आहे.

कट-ऑफ ही चाळणी आहे. त्याहून लांब लाटा टेस्टर वेव्हीनेस (पृष्ठभागाचा मोठा चढउतार) समजून वगळतो. पण ही छाटणी एका झटक्यात होत नाही. कट-ऑफएवढ्याच लांबीची लाट निम्मी कापली जाते, थोडी लहान असली तरी बरीचशी जाते. तुमच्या जॉबवर टूलच्या रेघा 0.2 मिमी अंतराने पडतात, म्हणजे 0.25 ला अगदी खेटून. त्यांची जवळपास एक तृतीयांश उंची गळते, म्हणून 1.8 चे 1.2 दिसतात. प्लेटवरच्या रेघा 0.1 मिमी अंतराने असतील तर तिथे 0.25 लाही आकडा जुळतो, आणि म्हणूनच कुणाला शंका येत नाही.

टर्निंगच्या रेघा 0.13 ते 0.4 मिमी अंतराने असतील तर कट-ऑफ 0.8 हवा. मोजताना त्याचे पाच हिस्से लागतात, म्हणजे 4 मिमी, शिवाय स्टायलसला (टेस्टरच्या सुईला) आगेमागे थोडी जागा. शोल्डरजवळ (शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीजवळ) ती मिळत नाही म्हणून 0.25 लावतात आणि मग तो तसाच राहतो. हे मला फार खटकतं. जागा कमी असेल तर 0.8 च ठेवा, हिस्से तीन करा आणि रिपोर्टवर तसं लिहा. स्टायलस रेघांना आडवा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चालवा.

आता मुख्य दुखणं. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची 32 पट, हे आरएचं ढोबळ गणित. उत्तर मिमीत येतं; तुमच्या आकड्यांनी 0.0016, म्हणजे 1.6 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे कोऱ्या इन्सर्टवरही तुम्ही काठावरच आहात. फीड 0.15 करा, गणित 0.9 वर येतं. 1.2 रेडियसचा इन्सर्ट हाही उपाय आहे, पण लांब-बारीक शाफ्टवर तो चॅटर करतो, म्हणजे थरथरतो. मी तरी फीडच कमी करेन. कटिंगचा वेळ एक तृतीयांशाने वाढेल, तो दरात धरा.

आणि रिपोर्टवर आरएच्या शेजारी कट-ऑफ लिहायला लागा. पार्टीकडूनही तसाच मागा.