म्हशींचं काय लिहायचं मॅडम, हसतील

"मॅडम, लेखी निघते पण एसएसबीला दोनदा कॉन्फरन्स आउट झालो, माझ्यात ऑफिसर होण्यासारखं काही नाहीच का?" एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणारी पाच दिवसांची मुलाखत, नि कॉन्फरन्स आउट म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत टिकूनही निवड न होणं. हा प्रश्न घेऊन बरीच मुलं येतात, यावेळचा सांगलीकडचा होता, बारावी झालेला, एनडीएचा (बारावीनंतर अधिकारी व्हायची परीक्षा) शेवटचा चान्स हातात (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). सोबत वडील, त्यांचं एकच पालुपद, "इंग्लिश कमी पडतं ओ याचं."

मी म्हटलं आधी वही दाखव. वॅटमध्ये, म्हणजे शब्द बघून सुचेल ते वाक्य लिहायच्या चाचणीत, 60 शब्द येतात, एकेकाला 15 सेकंद, तर पठ्ठ्याने शेकडो वाक्यं पाठ केलेली, अपयश आलं की यशाची पहिली पायरी ठरलेलीच. टीएटी या चित्रांच्या चाचणीत 30 सेकंद चित्र बघून 4 मिनिटांत गोष्ट लिहायची असते, अशी 11 चित्रं नि बारावी कोरी स्लाइड, आणि याच्या प्रत्येक गोष्टीत गावाला पूर नि हिरो कॅप्टन! पीआयक्यू, म्हणजे स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये छंद काय, तर वाचन आणि क्रिकेट.

मग बोलता बोलता वडीलच म्हणाले, घरच्या सहा म्हशी, डेअरीचा हिशोब, फॅट कमी लागला की भांडायला जाणं, सगळं दहावीपासून हाच बघतो. मी विचारलं हे फॉर्मात का नाही, तर म्हणे, "म्हशींचं काय लिहायचं मॅडम, हसतील."

तिथंच घोळ आहे. सायकॉलॉजिस्ट तुमचं फक्त लिखाण वाचतो, जीटीओ (गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी) मैदानावर बघतो, आयओ (मुलाखत घेणारा अधिकारी) समोर बसवून विचारतो, तिघं आपापले मार्क वेगवेगळे देतात नि पाचव्या दिवशी एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात ते हेच. कागदावर पूर अडवणारा पोरगा ग्रुप प्लॅनिंगमध्ये गप्प उभा राहिला तर ते जुळणार कसं? लेखीला 900 नि एसएसबीलाही 900 मार्क, तरी लोक दुसऱ्या 900 साठी कुणाचीतरी वाक्यं उसनी घेतात, मला तर कमालच वाटते.

आम्ही सहा आठवडे एकच केलं, रोज पेपरमधला एक फोटो, घड्याळ लावून गोष्ट, पण माणूस त्याच्या ओळखीतला हवा आणि त्याने नेमकं काय केलं ते हवं. पहिला आठवडा कोरा गेला, रडायलाच आला होता बिचारा. एसआरटीत, म्हणजे अमुक प्रसंगी काय कराल ते लिहायच्या चाचणीत, 60 प्रसंग 30 मिनिटांत असतात, तिथं आधी 34 वर अडकायचा, पाठ केलेलं आठवणं बंद केल्यावर 50 च्या वर गेला. आणि हो, वडिलांना सांगितलं की घरी इंग्लिशचा विषय काढू नका.

यावेळीही निवड झालेल्यांमध्ये त्याचा चेस्ट नंबर (छातीवरचा उमेदवार क्रमांक) पुकारला गेला नाही. आता ग्रॅज्युएशन करून सीडीएस, म्हणजे पदवीनंतरची अधिकारी व्हायची परीक्षा, देणार म्हणतो. परवा एकटाच आला होता, खुर्चीत बसायच्या आधीच सुरू, "मॅडम, आयओ सरांनी पंधरा मिनिटं नुसतं डेअरीचंच विचारलं, फॅट कसा काढतात तेपण!"