कॉन्फिगरेशन बिट सोर्स कोडमध्येच लिहा

पीआयसी १६एफ८७७ए हा मायक्रोकंट्रोलर आणि त्याला ठोके देणारा २० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेऊन आपण एलसीडीवर आकडे मोजणारा प्रोग्रॅम लिहिला, प्रोग्रॅमरच्या (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या उपकरणाच्या) विंडोमध्ये ऑसिलेटर ‘एचएस’ (वेगवान क्रिस्टलसाठीचा पर्याय) निवडला आणि बाकीच्या सेटिंगना हात लावला नाही. आता मोजणी दोन-सव्वादोन सेकंदांनी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आरबी३ या मोकळ्या पिनजवळ बोट नेले की सर्किट अडकते, आणि तीच हेक्स फाइल (चिपमध्ये भरायचा तयार प्रोग्रॅम) मित्राच्या प्रोग्रॅमरने भरली तर चिप चालूच होत नाही. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: आपल्या हेक्स फाइलमध्ये कॉन्फिगरेशन वर्ड, म्हणजे चिपच्या मूलभूत सेटिंगच्या बिटांचा संच, नाही.

या चिपमध्ये २००७ (हेक्स) या पत्त्यावर १४ बिटांचा हा वर्ड असतो. तो प्रोग्रॅम मेमरीच्या पलीकडे असल्यामुळे चालू प्रोग्रॅमला त्यात काहीही बदलता येत नाही. जे ठरवायचे ते चिप भरतानाच ठरवावे लागते. चिप पुसली की त्यातील सर्व बिट १ होतात, आणि आपण काही लिहिले नाही तर तीच स्थिती कायम राहते. सर्व बिट १ म्हणजे ऑसिलेटर आरसी (क्रिस्टलऐवजी रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारा), वॉचडॉग (ठरावीक काळात प्रोग्रॅमने शून्य केला नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) चालू, पॉवर-अप टायमर (वीज आल्यावर चिपला थोडा वेळ थांबवणारा) बंद, ब्राउन-आउट रीसेट (व्होल्टेज उतरले की होणारा रीसेट) चालू आणि लो-व्होल्टेज प्रोग्रॅमिंग, म्हणजे एलव्हीपी (नेहमीच्या हाय-व्होल्टेजशिवाय चिप भरण्याची सोय), चालू.

आता आपली लक्षणे पाहू. वॉचडॉगचा मूळ कालावधी सुमारे १८ मिलिसेकंद असतो, आणि रीसेटनंतर प्रीस्केलर (हा कालावधी काही पटींनी वाढवणारा भाग) त्यालाच जोडलेला व १:१२८ वर असतो. गुणाकार केला की सुमारे २.३ सेकंद येतात, म्हणजे आपली मोजणी जिथे तुटते नेमका तोच काळ. एलसीडीच्या वायरिंगमध्ये दोष शोधण्यात वेळ घालवू नये. लो-व्होल्टेज प्रोग्रॅमिंग चालू असताना आरबी३ हा साधा इनपुट-आउटपुट पिन राहत नाही; तो हाय झाला की चिप प्रोग्रॅमिंग मोडमध्ये जाते, आणि तरंगत्या (कशालाही न जोडलेल्या) पिनला हाय करायला बोटाची जवळीकही पुरते. मित्राकडे तर ‘एचएस’ही निवडलेले नव्हते, त्यामुळे चिप आरसी मोडमध्ये राहिली आणि क्रिस्टल चाललाच नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की विंडोतील निवडीवर विसंबू नये. एक्ससी८ या सी कंपायलरमध्ये मुख्य फाइलच्या सुरुवातीला ‘प्राग्मा कॉन्फिग’च्या (कंपायलरला हे बिट सांगणाऱ्या) ओळी लिहाव्यात आणि त्यात प्रत्येक बिटाचा उल्लेख करावा, जो डीफॉल्टच ठेवायचा आहे त्याचाही. आपल्यासाठी ऑसिलेटर एचएस, वॉचडॉग बंद, पॉवर-अप टायमर चालू, ब्राउन-आउट चालू, एलव्हीपी बंद आणि कोड प्रोटेक्शन (चिपमधील प्रोग्रॅम इतरांना वाचू न देणारे कुलूप) बंद, एवढे योग्य ठरेल. एमपीलॅब एक्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधील कॉन्फिगरेशन बिट्सच्या विंडोत या निवडी करून तेथूनच तयार ओळी मिळवता येतात. त्या सोर्समध्ये चिकटवणे मात्र आपले काम आहे, आणि नेमके तेच अनेकांकडून राहून जाते.

वर्डची हेक्स संख्या थेट लिहिण्याऐवजी नावे वापरण्याचे कारण असे, की वॉचडॉगच्या बिटात १ म्हणजे चालू, तर पॉवर-अप टायमरच्या बिटात ० म्हणजे चालू. नावाने ‘ऑन’ लिहिले की ही उलटापालट कंपायलर सांभाळतो. ब्राउन-आउटची पातळी या चिपमध्ये सुमारे ४ व्होल्ट आहे, त्यामुळे पुढे सर्किट तीन पेन्सिल सेलवर चालवणार असाल तर सेल थोडे उतरताच रीसेट सुरू होतील, हे ध्यानात ठेवावे. डिलेसाठी आपण जी क्रिस्टलची वारंवारता ‘डिफाइन’ केली आहे, तिच्यामुळे ऑसिलेटर निवडला जात नाही. ती केवळ कंपायलरच्या हिशेबासाठी असते.

एलव्हीपी बंद करताना चिप नेहमीच्या हाय-व्होल्टेज पद्धतीनेच भरावी, कारण लो-व्होल्टेज मोडमध्ये शिरून तो बिट ० करता येत नाही. भरून झाल्यावर प्रोग्रॅमरने कॉन्फिगरेशन वर्ड परत वाचून सोर्समधील निवडींशी ताडून पाहावा. तो जुळला आणि तरीही क्रिस्टल चालला नाही, तरच क्रिस्टलच्या कपॅसिटरकडे वळावे.